डाव्या मडगार्डाची खूण

हौसरावच्या शेडमध्ये उभं राहून तुम्ही त्याच्या गावाला नावं ठेवा, त्याच्या टोपीला हसा, तो काही बोलायचा नाही. पण "पुट्टी मारून द्या की" एवढे शब्द तोंडातून निघाले, की हातोडी खाली ठेवून तो तुम्हाला डोक्यापासून चपलेपर्यंत बघून घ्यायचा आणि विचारायचा, "पाव्हणं, दात पडला की तिथं पीठ भरता का तुम्ही?"

गिऱ्हाईक हसायचं. हौसराव हसायचा नाही. पत्र्याला पोचा पडला तर तो आतून ठोकून बाहेर काढायचा, ही त्याची रीत. बाकीचे कारागीर वरून पुट्टीचा लेप थापत, घासून गुळगुळीत करत आणि रंग मारून गाडी देत. तो लेप दोन पावसाळ्यांत पापुद्र्यासारखा निघायचा आणि तीच गाडी फिरून हौसरावच्या दारात यायची. तेव्हा मात्र तो हसायचा.

शेड पुणे-नगर रस्त्याला, घोडनदीच्या पुलाच्या अलीकडं. वर पत्रा, खाली माती, दारात दोन मेलेल्या जीपा. पाटीवर लिहिलं होतं : 'हौसराव-म्हाळू डेंटिंग पेंटिंग'. पत्र्याचं काम हौसरावचं, रंगाचं म्हाळूचं. पाटीही म्हाळूनंच रंगवलेली. स्वतःचं नाव काढताना त्यानं ब्रश जरा भरून घेतला होता. ते नाव लांबून दिसायचं, हौसरावचं जवळ आल्यावर. सतरा वर्षं रोज त्या पाटीखालून जाऊन हौसरावच्या हे ध्यानात आलं नव्हतं. एका सुताची फट लांबून हेरणारा माणूस, पण आपल्याच डोक्यावरचं त्याला दिसलं नाही.

दोघंही मेंढक्यांची पोरं. हौसराव निमोण्याचा, म्हाळू वडगाव रासाईचा. हौसरावच्या वडलांनी, मल्हारी आबांनी, कळप विकून थोडी जिरायत केली तेव्हा लोकर कातरायची जुनी कातर तेवढी राहिली होती. हौसरावनं तिचा खिळा काढला, एक पातं घरात खोचून ठेवलं आणि दुसरं, कडेला खांडा पडलेलं, कायमचं खिशात घातलं. दरवाजा आणि मडगार्ड, बॉनेट आणि मडगार्ड, यांच्यामधली फट तो त्या पात्यानं मोजायचा. पातं ढकलावं लागलं तर फट कमी. सोडल्यावर खाली पडलं तर जास्त. सोडलं की ते जागच्या जागी उभं राहिलं पाहिजे, हेडमास्तर वर्गात आल्यावर पोरं राहतात तसं. वरून खालपर्यंत दहा ठिकाणी पातं उभं राहिलं की हौसराव बिडी पेटवायचा. मग समजायचं, गाडी बसली.

आबांना या कामाचं कौतुक नव्हतं. निमोण्यात कोणी विचारलं तर ते सांगत, "थोरलं शिरूरला डबं ठोकतंय." डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, एका डोळ्याचं ऑपरेशन होऊन काही फरक पडला नव्हता. पोराचं काम त्यांनी पाहिलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. आणि ऐकायला ते खरंच डबं ठोकल्यासारखंच लागतं.

सन दोन हजार एकच्या शिमग्यानंतर टेम्पोतून ती गाडी आली. जुनी लँडमास्टर, पंचावन्न-छप्पनची. दौंडला रेल्वेच्या एका बंगल्यामागं चिंचेखाली पंधरा वर्षं उभी होती. त्याआधी कधीतरी फाटकाच्या खांबावर डाव्या अंगानं आदळलेली. डावं मडगार्ड चुरगळलेलं, दरवाजा लटकलेला, आत कोंबडी बसत असावी असा वास. पुण्याच्या मोडक साहेबांनी ती हौसेनं घेतली होती.

"आडनाव मोडक, आन् गाडीबी तशीच," म्हाळू मागं कुजबुजला आणि पुढं होऊन साहेबांना म्हणाला, "साहेब, काळजीच करू नका. नवरीगत करून देतो."

बोलायचं काम नेहमी म्हाळूचं. हौसरावला साहेब लोकांपुढं बोलायला जमायचं नाही. तो तोवर गाडीखाली गेलासुद्धा होता. साहेब पुढच्या दहा महिन्यांत तीनदा आले आणि तिन्ही वेळा हौसराव गाडीखालीच होता. साहेबांनी त्याचे फक्त पाय पाहिले.

"हे कोण?" साहेबांनी एकदा विचारलं.

"आपलाच माणूस हाय, साहेब," म्हाळू म्हणाला.

खाली आडवा पडलेल्या हौसरावला हे ऐकून बरं वाटलं. आपलाच म्हणाला. घरचा म्हणाल्यासारखंच की.

मडगार्ड सरळ व्हायला पाच महिने गेले. खरी गंमत पुढं होती. मडगार्ड आणि दरवाजा गाडीवर बसवायचे, पण हौसराव रिकामी गाडी बसवत नसे. त्याचं म्हणणं, माणसं आत बसली की जुन्या गाडीची कंबर बसते, दरवाजा अर्धा सूत पुढं सरकतो आणि उघडताना मडगार्डाला घासतो. म्हणून गाडीत चार माणसं बसवायची, आणि ती बसलेली असताना बोल्ट आवळायचे.

तर आठवडाभर रोज दुपारी चारला शेडमध्ये जत्रा भरायची. पुढं चहावाला हौशीराम, कारण तो एकटाच दोघांच्या वजनाचा. मागं हौसरावची बायको रतनबाई, पदरात भुईमुगाच्या शेंगा घेऊन. तिच्या शेजारी निमोण्याहून आणलेले आबा. स्टीअरिंगवर म्हाळू.

"हलू नको," हौसराव खालून ओरडायचा.

"शेंगा न हलता कशा फुटत्यात ते दाखव की करून," रतनबाई म्हणायची.

"आरं, कुठं चाललोय आपण?" आबा विचारायचे.

"कुठंच न्हाई, आबा."

"मग उतरू द्या की मला."

"चला, न्हावरा, दौंड, दौंड! एक सीट, एक सीट!" म्हाळू वडापच्या ड्रायव्हरसारखी आरोळी द्यायचा. हौशीराम हसायचा, तो हसला की सगळी गाडी हलायची आणि हौसरावला पुन्हा पहिल्यापासून पातं लावावं लागायचं. शिव्या द्यायचा, पण मनातून खूश असायचा. पुढं आयुष्यभर त्याला ते आठ दिवस आठवले, आणि प्रत्येक वेळी स्टीअरिंगवर म्हाळू दिसला. चार माणसं कशाला बसवतात, हे त्याच्याइतकं जवळून कोणी पाहिलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी पातं दहाच्या दहा ठिकाणी उभं राहिलं. हौसरावनं बिडी पेटवली. आबा उतरले, मडगार्डावरून हात फिरवला आणि म्हणाले, "गुळगुळीत हाय. पर हौसा, मेंढरू शंभरात मिसळलं तरी आपलं आपल्याला वळखतं. ह्ये पत्र्याचं तुझं हाय, हे कसं वळखायचं?"

आबांच्या कळपाची खूण होती, डाव्या कानाच्या कडेला दोन काप, मधे दोन बोटांचं अंतर. अंधारात नुसता कान चाचपून ते आपलं जनावर ओळखत. हौसरावनं कानस घेतली, मडगार्डाची आतली दुमडलेली कड आबांच्या हातात दिली आणि विचारलं, "सांगा, कुठं?" आबांनी बोटं टेकवली. त्या जागी त्यानं दोन काप घातले. चाकाच्या चिखलाशिवाय तिथं कोणी डोकावणार नव्हतं. आबांनी अंगठ्यानं काप तपासले, पुन्हा तपासले, आणि म्हणाले, "आता आपली."

दोनच शब्द. पण 'डबं ठोकतंय'नंतर इतक्या वर्षांनी आलेले.

"आता कुणी चोरली तरी घावंल, आबा," म्हाळू म्हणाला. तो रंगाचा डबा हलवत बाजूलाच उभा होता. दुसऱ्याच्या मेंढराचा कान बिघडवणाऱ्याच्या तळावर मेंढके पाणी पीत नाहीत, हे त्याला कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

रंगाचा शेवटचा हात पुण्यात, बंद खोलीत मारायचा ठरला. धूळ बसायला नको म्हणून. म्हाळू गाडीबरोबर गेला. महिन्यानं परत आला तो आनंदाची बातमी घेऊन. संक्रांतीनंतरच्या रविवारी पुण्यात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे, त्यात लँडमास्टर उभी राहणार.

"साहेब म्हणले, बक्षीस लागलं तर दोघांनाबी स्टेजवर बोलावणार. म्हणले, तुमच्या हौसरावांना आणाच."

"माझं नाव घेतलं?"

"मग! आबांनाबी आण म्हणले."

रतनबाईनं गुळाच्या पोळ्या केल्या. माणशी दोन, तिघांच्या सहा. म्हाळूच्या पोळीत खसखस जास्त, कारण त्याला तशी आवडते. म्हाळू आदल्या दिवशीच पुण्याला गेला होता. हौसराव आणि आबा सकाळच्या एसटीनं निघाले. आबांनी लग्नातला फेटा बांधला होता. हौसरावच्या नव्या सदऱ्याच्या खिशात पातं होतं. तिथं त्याचं काही काम नव्हतं, पण ते नसलं की त्याला उघडं वाटायचं.

मैदानावर गाड्या ओळीनं उभ्या होत्या. लँडमास्टर लांबूनच दिसली, पिस्त्याच्या रंगाची, अशी चकचकीत की आबांच्या फेट्याचा लाल रंग दारावर उमटला. पुढं एक पाटी होती. हौसराव सातवी शिकलेला होता, त्यामुळं दुर्दैवानं त्याला ती वाचता आली. 'मालक : श्री. मोडक. बॉडी व रंगकाम : म्हाळू वाघमोडे, पुणे.'

त्यानं पाटी पुन्हा वाचली. मागच्या बाजूला काही आहे का, तेही पाहिलं. मागं कोरी होती.

नुसतं 'रंगकाम' नाही, 'बॉडी व रंगकाम'. आणि वडगाव रासाई नाही, शिरूर नाही, पुणे.

"कुठं हाय आपली?" आबा विचारत होते. हौसरावनं त्यांचा हात धरून मडगार्डापाशी नेलं. आबा उकिडवे बसले, हात आत घातला, कड चाचपली. एकदा. मग परत, सावकाश, पुढून मागं.

"ही न्हवं, हौसा."

"हीच हाय, आबा."

"कान सपाट हाय हिचा. कापलेला कान भरून येत नसतो." आबा उठले. आवाज चढलेला नव्हता, उतरलेला होता. "म्हाताऱ्याला दिसत न्हाई म्हणून दुसऱ्याची गाडी दावतुयास व्हय?"

हौसरावनं हात घातला. रंग गुळगुळीत होता. दोन बोटांच्या अंतरानं त्यानं नख रुतवलं तेव्हा रंग फुटला आणि नखात पांढरट भुगा आला. पुट्टी. अख्ख्या गाडीत कणभर पुट्टी नव्हती, दहा महिन्यांत त्यानं ती शेडच्या आत येऊ दिली नव्हती. होती ती एवढ्याच दोन जागी.

म्हाळू साहेबांच्या मागं उभा होता. अंगात नवा सफारी. हौसरावला बघून तो बाजूला आला, हसत आला, पण हसू मधेच कुठंतरी सांडलं.

"पाटी वाचलीस व्हय," तो हळूच म्हणाला. "आरं, साहेबांनी विचारलं, कुणी केली. माझ्या तोंडातून 'मी' गेलं. मागनं कसं बदलणार? त्यांचे दोस्त हायत, तीस-तीस गाड्यावाले. जागा देत्यात मला पुण्यात. तू थोडाच येणार होतास हितं?"

"स्टेजचं बोललास ते?"

म्हाळू साहेबांकडं पाठ करून आणखी जवळ सरकला.

"माझं नाव ठाऊक तरी हाय का त्यांना?"

"आज नको, हौसा. तुझ्या पाया पडतो."

"आन् काप का बुजवलंस?"

"मडगार्ड खोललं व्हतं कडा रंगवायला. म्हणलं, कुणी बघितलं तर इचारंल."

खोललं होतं. हे ऐकलं आणि हौसरावच्या हाताला सवयीनं पातं सापडलं. त्यानं ते दरवाजा-मडगार्डाच्या फटीत घातलं. वर उभं राहिलं. मधे उभं राहिलं. खालच्या बाजूला आत शिरलंच नाही.

"रिकाम्या गाडीवर बसवलंस?"

"माणसं कुठनं आणू तिथं?"

"म्हाळ्या, आत कुणी बसलं आन् दार उघडलं, तर लागंल. साहेबाला सांग. दहा मिनटाचं काम हाय, मी करून देतो."

म्हाळूनं साहेबांकडं पाहिलं, पाटीकडं पाहिलं. सांगायचं तर हौसराव कोण ते सांगावं लागणार होतं. "न्हाई लागत," तो म्हणाला आणि साहेबांकडं निघून गेला.

परीक्षक येण्याआधी फोटो काढायचा म्हणून मोडक साहेब, त्यांच्या बाई आणि मुलगा-सून असे चौघं आत बसले. फोटो झाला. साहेबांच्या बाई पुढं डाव्या अंगाला होत्या. त्यांनी दार उघडलं. 'खर्रऽ' असा एकच आवाज झाला. मोठा नव्हता. हौसरावला मात्र तो दाढेत जाणवला. मडगार्डाच्या कडेवरून नखाएवढा पिस्त्याचा रंग उडाला.

"म्हाळूराव!" साहेब पलीकडून उतरून धावत आले. "हे काय? हे काय आहे?"

म्हाळूनं इकडंतिकडं पाहिलं आणि मग सरळ बोट केलं.

"साहेब, रंग माझा. फिटिंग ह्या हौसरावचं हाय."

दहा महिन्यांत पहिल्यांदा त्यानं साहेबांपुढं हौसरावचं नाव घेतलं होतं.

"कोण हौसराव?" साहेबांनी विचारलं.

हौसरावच्या तोंडाशी सगळं आलं. रिकामी गाडी, पुट्टी, पाटी. 'हे माझं काम न्हाई' एवढंच म्हणायचं होतं, आणि ते खरंही होतं. पण पाच पावलांवर आबा उभे होते, मान तिरकी करून, कान इकडं लावून. 'माझं न्हाई' हे शब्द त्यांनी ऐकले असते तर पुन्हा कधी दुसरं काही ऐकलं नसतं.

"मीच," हौसराव म्हणाला. "गाडी मीच बसवली, साहेब. चूक झाली."

"अहो, चूक काय? महिनाभर आधी तारीख सांगितली होती यांना! बघून करायला नको?"

"व्हय साहेब. तुम्ही बसा जागेवर. बाई, तुम्हीबी उतरू नका, दार उघडं असू द्या. चौघंबी बसूनच ऱ्हावा."

"बसून?"

"व्हय. आन् हलू नका."

डिकीतल्या हत्यारांच्या पिशवीतून त्यानं पान्हा घेतला आणि नव्या सदऱ्यासकट खाली गेला. पुन्हा त्याचे पायच तेवढे बाहेर राहिले. तीन बोल्ट सैल केले, मडगार्ड तळहातानं अर्धा सूत पुढं सारलं, आवळलं. बाहेर येऊन बाईंना दार हळूच लावून घ्यायला सांगितलं आणि पातं लावलं. वर, मधे, खाली. उभं राहिलं. तोवर आबा चाचपडत जवळ आले होते. फटीत उभ्या असलेल्या पात्यावर त्यांचं बोट टेकलं, खाली सरकलं आणि ज्या ठिकाणी पात्याला जुना खांडा होता तिथं थांबलं.

"ही माझी कातर."

"व्हय, आबा."

"आन् तो मघा बोलला ते... तुझं काम म्हणून."

"व्हय."

"म्हंजी गाडी तुझीच."

हौसरावनं पातं काढून पुसलं आणि खिशात घातलं. तोवर गाडीतून उतरलेले साहेब मागं म्हाळूला सांगत होते, "म्हाळूराव, पुण्यात आलात की असली माणसं बरोबर ठेवू नका." म्हाळू "व्हय साहेब" म्हणाला. 'आपलाच माणूस हाय' असं या वेळी तो म्हणाला नाही.

ते निकालाला थांबले नाहीत. फाटकाबाहेर रिक्षाची वाट बघताना भोंग्यावरून लँडमास्टरला दुसरा क्रमांक मिळाल्याचं ऐकू आलं, पाठोपाठ म्हाळूचं नाव, आडनावासकट. नखाएवढा उडालेला रंग परीक्षकांना दिसलाच नव्हता. फट तर त्यांनी पाहिलीही नसावी. एवढ्याशासाठी दहा महिने, असं हौसरावच्या मनात येऊन गेलं, आणि असं मनात आल्याचाच त्याला जास्त राग आला.

एसटी वाघोलीच्या पुढं आल्यावर आबांनी पिशवी मांडीवर घेतली. दोघांनी दोन-दोन पोळ्या खाल्ल्या. डब्यात दोन राहिल्या.

"खसखस जास्त असलेल्या ना ह्या?" आबांनी चाचपून विचारलं.

"व्हय."

"मी म्हाळ्याचा आवाज वळखला व्हता, हौसा. मी कानानंबी गेलोय असं समजू नको." आणि डब्याचं झाकण लावत म्हणाले, "गाडीचा कान त्यानंच भरला?"

हौसराव खिडकीबाहेर बघत होता. शिक्रापूर गेलं, रांजणगावच्या कंपन्या गेल्या, कारेगावला पाळी सुटलेली माणसं चढली. मग आबांनी एक पोळी हौसरावच्या हातात दिली, एक स्वतः घेतली.

"पोट भरलंय, आबा."

"माझंबी भरलंय. पर घरी न्यायच्या न्हाईत. रतन इचारंल."

दोघांनी त्या पोळ्या घास घास करून संपवल्या. शिरूर येईपर्यंत पुरल्या.

रतनबाईनं तरी विचारलंच. रिकामा डबा बघून खूश झाली आणि म्हणाली, "म्हाळूभावजींना आवडल्या का?"

"लई," हौसराव म्हणाला आणि हात धुवायला न्हाणीत गेला. साबण लावून, काथ्यानं घासून बराच वेळ धुतले, तरी नखातला तो पांढरा भुगा निघता निघेना.